धन्याचा ख्रिस्त आणि गुलामाचा ख्रिस्त

चळवळीतल्या तरुण कार्यकर्त्यांशी बोलताना धर्माचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते. धर्म ही शोषकांच्या हातातली अफूची गोळी आहे. शोषितांनी ती फेकून द्यावी आणि तिच्या जागी दुसरी गोळी घेऊ नये. या मतामागे शेकडो वर्षांचा अनुभव उभा आहे, म्हणून ते सहजासहजी खोडून काढता येत नाही. ज्याला धर्माच्या नावाने पाणवठ्यावरून हाकलले, देवळाच्या पायरीलाही शिवू दिले नाही, त्याने धर्म या शब्दाचाच संशय घ्यावा हे स्वाभाविक आहे.

पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या मतापाशी थांबता येत नाही. ज्यांच्या एका हातात चाबूक आणि दुसऱ्या हातात बायबल होते अशा लोकांनी एका समाजाला गुलाम केले. त्या समाजाने चाबूक नाकारला. बायबल मात्र धन्याच्या हातातून काढून घेतले आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाचले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा हा इतिहास आहे. आपले आणि त्यांचे नाते जुने आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला तो निग्रो गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. १९४६ साली बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याशी नाते सांगितले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिने आपले नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. काळ्या माणसाची बंडखोरी आपण ओळखतो. ती बंडखोरी ज्या घरात दीडशे-दोनशे वर्षे वाढली, त्या काळ्या चर्चकडे मात्र आपण त्या मानाने कमी पाहिले. हा लेख त्या घराविषयी आहे.

१

सुरुवात एका प्रश्नापासून करू. १९३५ सालच्या ऑक्टोबर महिन्यात हॉवर्ड थर्मन नावाचे एक काळे अमेरिकन धर्मोपदेशक आणि प्राध्यापक सिलोनला पोचले. ख्रिस्ती विद्यार्थी चळवळीच्या निमंत्रणावरून आलेल्या चार काळ्या माणसांच्या एका शिष्टमंडळाचे ते प्रमुख होते. कोलंबोच्या कायदा महाविद्यालयात त्यांचे भाषण झाले. भाषणानंतर कायद्याच्या क्षेत्रातल्या एका गृहस्थाने त्यांना गाठून सरळ विचारले: तुमच्या पूर्वजांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून धरून नेणारे ख्रिस्ती, विकणारे ख्रिस्ती, विकत घेणारे ख्रिस्ती. आजही तुमच्या माणसांना झाडाला लटकावून मारणारे लोक रविवारी चर्चमध्ये जातात. मग तुम्ही ख्रिस्ती कसे? आणि त्या धर्माच्या वतीने आमच्या देशात येताच कसे? जगातल्या सगळ्या काळ्यासावळ्या माणसांशी ही बेइमानी नव्हे काय?

हा प्रश्न अपमान करण्यासाठी विचारलेला नव्हता, तो खरा होता. सोळाव्या शतकात इंग्रज नाविक जॉन हॉकिन्स १५६४ साली गुलाम धरायला आफ्रिकेकडे निघाला, तेव्हा राणी एलिझाबेथने त्याला दिलेल्या जहाजाचे नावच 'जीझस' होते. चर्चमध्ये आजही भक्तिभावाने म्हटल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध गीताचा कर्ता जॉन न्यूटन हा गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता. १७४८ साली त्याला ईश्वराचा साक्षात्कार झाला म्हणतात. पण त्यानंतरही काही वर्षे तो माणसे वाहून नेतच राहिला आणि या व्यापाराविरुद्ध त्याने उघडपणे लिहिले ते १७८८ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी. जवळजवळ सव्वा कोटी आफ्रिकी माणसे अटलांटिकच्या जहाजांवर चढवली गेली, त्यांपैकी सुमारे अठरा लाख माणसे किनारा दिसण्यापूर्वीच मेली. असा हा हिशेब आहे.

थर्मन सिलोनला पोचले त्याच महिन्याच्या १३ तारखेला येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली होती. ज्या धर्मात माणूसपण नाकारले गेले त्या धर्मात राहायचे की नाही, हा प्रश्न एकाच महिन्यात येवल्याला आणि कोलंबोला उभा राहिला. येवल्याच्या उत्तराला मूर्त रूप यायला २१ वर्षे लागली, १९५६ साल उजाडावे लागले. थर्मन यांचे उत्तर १९४९ साली 'जीझस अँड द डिसइनहेरिटेड' या छोट्या पुस्तकाच्या रूपाने आले. दोन्ही उत्तरे वेगळी आहेत. ती वेगळी का आहेत, हे शेवटी पाहू.

२

आधी आरोपपत्र पुरते वाचले पाहिजे. धर्माची बाजू मांडणारे बरेचदा असे सांगतात की वाईट होते ते काही अनुयायी, धर्म चांगलाच होता. ही पळवाट आहे. अमेरिकेतल्या गुलामगिरीत चर्चसंस्था बाजूला उभी नव्हती, ती त्या व्यवस्थेच्या पायात होती.

सतराव्या शतकात व्हर्जिनियात काही गुलामांनी असा दावा केला की आम्ही बाप्तिस्मा घेतला आहे, आता आम्हांला गुलाम ठेवता येणार नाही. त्यावर १६६७ साली तिथल्या विधिमंडळाने कायदाच केला की बाप्तिस्म्याने गुलामाची स्थिती बदलत नाही. आत्मा देवाचा, शरीर धन्याचे, अशी ही वाटणी झाली. हा कायदा झाल्यावर मळेवाल्यांची भीती गेली आणि गुलामांना धर्म शिकवायला हरकत उरली नाही.

मग कोणता धर्म शिकवायचा हेही ठरले. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलचे एक खास पुस्तक छापले गेले. प्रॉटेस्टंट बायबलात ११८९ अध्याय असतात, या पुस्तकात २३२ ठेवले होते. मिसर देशातल्या गुलामांना मोशेने सोडवून नेले ती निर्गमाची कथा त्यात नव्हती. दुःखितांची हाक असलेली स्तोत्रे नव्हती. प्रकटीकरणाचे पुस्तक नव्हते. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही, हे पौलाचे गलतीकरांस लिहिलेले वचन नव्हते. त्याच पौलाने इफिसकरांस लिहिताना दासांना आज्ञाधारक राहायला सांगितले ते मात्र जसेच्या तसे होते. आपल्याकडे शूद्रातिशूद्रांना शास्त्र ऐकायचीच बंदी होती. तिकडे शास्त्र ऐकवले गेले, पण कात्री लावून. दोहोंचा हेतू एकच.

मेथॉडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने १७७४ साली गुलामगिरीविरुद्ध कडक पुस्तिका लिहिली होती. १७८४ साली अमेरिकेतल्या मेथॉडिस्टांनी आपल्या सभासदांनी गुलामांना मुक्त करावे असा नियमही केला. सहा महिन्यांत तो नियम स्थगित झाला, कारण मळेवाले बिथरले. १८३८ साली मेरीलँडच्या जेझुइट धर्मगुरूंनी आपल्या मळ्यांवरच्या २७२ माणसांची विक्री केली आणि त्या पैशातून आपल्या महाविद्यालयाचे कर्ज भागवले. १८४४ साली मेथॉडिस्ट चर्च फुटले. वादाचे कारण, एका बिशपच्या घरी गुलाम होते आणि त्याला पदावर ठेवायचे की नाही. पुढच्या वर्षी बॅप्टिस्ट फुटले. दक्षिणेतल्या बॅप्टिस्टांच्या संघटनेने आपल्या या उगमाबद्दल माफी मागितली ती १९९५ साली, दीडशे वर्षांनी.

ही सगळी पापे धर्माच्या बाहेर घडलेली नाहीत. ती प्रार्थना करून, शास्त्रवचने दाखवून केलेली आहेत. कोलंबोच्या गृहस्थाचा प्रश्न म्हणून खरा ठरतो.

३

आता त्याच मळ्याची दुसरी बाजू पाहू. थर्मन यांची आजी नॅन्सी अँब्रोझ हिचे बालपण फ्लोरिडात गुलामीत गेले. तिला वाचता येत नव्हते. लहानपणी थर्मन तिला बायबल वाचून दाखवीत. ती स्तोत्रे वाचून घेई, यशया वाचून घेई, येशूच्या कथा पुन्हा पुन्हा वाचून घेई. पौलाची पत्रे मात्र ती वाचू देत नसे. अपवाद एकच, करिंथकरांस पहिल्या पत्रातला प्रेमाविषयीचा तेरावा अध्याय. मोठेपणी नातवाने धीर करून कारण विचारले. तिने सांगितले की मळ्यावर धनी गोऱ्या पाळकाला बोलवी आणि तो पाळक वर्षातून अनेकदा एकच विषय घेई: गुलामांनी धन्याची आज्ञा पाळावी, हीच देवाची इच्छा. तेव्हाच तिने मनाशी ठरवले होते की कधी मुक्त झाले आणि कधी वाचता आले, तर हा भाग मी वाचणार नाही.

ही निरक्षर म्हातारी कोणत्याही धर्मविद्यालयात गेली नव्हती. पण तिने जे केले ते धर्माच्या इतिहासातले फार मोठे कृत्य आहे. पवित्र मानलेल्या ग्रंथातले माझे माणूसपण नाकारणारे पान मी स्वीकारणार नाही, हा अधिकार तिने स्वतःकडे घेतला. ग्रंथ मोठा की माणूस, या प्रश्नाचे उत्तर तिने दिले आणि तरीही ग्रंथ हातचा सोडला नाही.

आणि ती एकटी नव्हती. दक्षिणेतल्या मळ्यांवर रात्री काम संपल्यावर गुलाम रानात, ओढ्याकाठी, खोपटाच्या आडोशाला चोरून जमत. पहारेकऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून भांडे पालथे घालून ठेवीत. आवाज त्यात अडकतो अशी त्यांची समजूत होती. पकडले गेले तर पाठीवर कोरडे. त्या सभांत त्यांच्यातलाच एखादा उपदेशक उभा राही. कापलेल्या पुस्तकातून वगळलेली मोशेची कथा तिथे गाण्यांतून तोंडोतोंडी जिवंत राहिली. फारो कोण आणि इस्राएल कोण हे त्यांना कुणी समजावून सांगावे लागत नव्हते. नॅन्सी अँब्रोझ आपल्या नातवाला अशाच एका गुलाम उपदेशकाची आठवण सांगे. प्रत्येक उपदेशाच्या शेवटी तो समोरच्यांना बजावी की तुम्ही गुलाम नाही, तुम्ही देवाची लेकरे आहात.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. धन्याच्या चर्चमध्ये हे लोक मागच्या बाकांवर किंवा वरच्या सज्जात बसत आणि माना डोलावत. त्यावरून ते बधिर झाले होते असा निष्कर्ष काढणारा संशोधक फसेल. एकाच माणसाचे दोन धर्म होते, दिवसाचा एक आणि रात्रीचा एक. ख्रिस्ती धर्माचे नवजीवन झाले ते रात्रीच्या धर्मात.

४

पण रात्रीच्या सभेवर समाज उभा राहत नाही. त्याला दिवसाउजेडी आपले घर लागते, आणि ते घर कागदावर आपल्या नावाचे असावे लागते. हे ज्याला सर्वांत आधी कळले तो माणूस म्हणजे रिचर्ड ॲलन.

ॲलन १७६० साली गुलाम म्हणून जन्मला. तरुणपणी मेथॉडिस्ट झाला, लाकडे फोडून, गाड्या हाकून पैसे जमवले आणि स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले. पुढे फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये तो काळ्या लोकांना पहाटे पाच वाजता उपदेश करी. काळ्यांची संख्या वाढली तशी गोऱ्यांची कुरकूर वाढली. चर्चमध्ये नवा सज्जा बांधला गेला. त्यासाठी काळ्यांनीही पैसे दिले होते. मग एका रविवारी त्यांना सांगण्यात आले की तुम्ही वर बसा. प्रार्थना सुरू झाली, सगळे गुडघे टेकून बसले. इतक्यात चर्चच्या एका विश्वस्ताने ॲब्सलम जोन्स या काळ्या उपासकाला धरून गुडघ्यांवरून उठवायला सुरुवात केली. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, एवढेच जोन्सने सांगितले. विश्वस्त थांबला नाही. प्रार्थना संपली आणि सगळे काळे लोक एकत्र उठून बाहेर पडले. परंपरा या घटनेचे साल १७८७ सांगते, काही अभ्यासक ती १७९२च्या सुमारास घडली असे मानतात.

या घटनेशी आपल्याकडच्या मंदिरप्रवेशाची तुलना करून पाहण्यासारखी आहे. इथे आत घेत नव्हते, तिथे आत घेऊन जागा दाखवून देत होते. अपमान तोच. ॲलन आणि जोन्स यांनी त्या चर्चच्या दारात सत्याग्रह केला नाही. त्यांनी पाठ फिरवली. पण ख्रिस्ताकडे नव्हे, त्या इमारतीकडे.

ॲलनने स्वतः घेतलेल्या जागेवर लोहाराच्या भात्याचे एक जुने दुकान आपल्या घोड्यांनी ओढत आणून उभे केले आणि १७९४ साली त्यात बेथेल चर्च सुरू झाले. त्याच्या आदल्या वर्षी, १७९३ साली, फिलाडेल्फियात पिवळ्या तापाची साथ आली होती. पन्नास हजारांच्या त्या शहरात सुमारे पाच हजार माणसे मेली. श्रीमंत शहर सोडून पळाले. ॲलन, जोन्स आणि त्यांच्या माणसांनी रोग्यांची शुश्रूषा केली, प्रेते उचलली. साथ ओसरल्यावर एका गोऱ्या प्रकाशकाने लिहिले की काळ्या परिचारकांनी लोकांना लुबाडले. ॲलन आणि जोन्स यांनी १७९४ साली पुस्तिका छापून जमाखर्चासह उत्तर दिले. त्यांच्या हिशेबात खर्च जमेपेक्षा जास्त होता. सेवा करूनही आरोप झाला, आणि आरोपाला त्यांनी अश्रूंनी नव्हे, आकड्यांनी उत्तर दिले. आपल्या कार्यकर्त्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

लढाई इथेच संपली नाही. १७९६ साली बेथेलची घटना लिहून देताना गोऱ्या मेथॉडिस्ट पुढाऱ्यांनी चर्चच्या मालमत्तेचा ताबा आपल्या परिषदेकडे राहील असे कलम घातले. ते ध्यानात आल्यावर मंडळीने १८०७ साली घटनेला पुरवणी जोडून ताबा परत घेतला. मग भांडण कोर्टात गेले. १८१५ साली इमारत लिलावात निघाली आणि ॲलनला दहा हजारांहून अधिक डॉलर मोजून आपल्याच मंडळीचे घर विकत घ्यावे लागले. १८१६ च्या जानेवारीत पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या मंडळीच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ठिकठिकाणच्या काळ्या मंडळ्या एकत्र येऊन आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्च हा स्वतंत्र पंथ स्थापन झाला आणि ॲलन त्याचा पहिला बिशप झाला.

आध्यात्मिक नवजीवन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अश्रू, भजने आणि साक्षात्कार येतात. या इतिहासात तेही आहे. पण त्याच्या मुळाशी खरेदीखत आहे, घटनेची पुरवणी आहे, कोर्टाचा निकाल आहे. व्यासपीठ कुणाच्या मालकीचे आहे यावर त्या व्यासपीठावरून कोणता देव बोलणार हे ठरते.

५

या घराची किंमत रक्ताने मोजावी लागली. दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहरात ॲलनच्या पंथाची मंडळी उभी राहिली होती. १८२२ साली तिचा एक सभासद डेन्मार्क व्हेसी याच्यावर गुलामांच्या उठावाचा कट केल्याचा आरोप आला. व्हेसी निर्गमाची कथा लोकांना वाचून दाखवी, असे साक्षीत आले. त्याच्यासह ३५ जणांना फाशी दिले, चर्चची इमारत पाडली. तिथला पाळक मॉरिस ब्राउन उत्तरेला निघून गेला आणि पुढे ॲलनच्या मागून बिशप झाला. १८३१ साली व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलाम उपदेशकाने उठाव केला, त्यात पन्नासहून अधिक गोरी माणसे, बायका आणि मुलेसुद्धा, मारली गेली. सूडाने किती निरपराध काळे मारले गेले त्याची गणती नाही. त्यानंतर काळ्यांनी उपदेश करण्यावर आणि वाचायला शिकण्यावर कडक बंदी आली. मालकांना अफू आणि दारूगोळा यांतला फरक चांगला कळत होता. धर्म नुसती अफू असती तर त्यांनी ती वाटली असती, तिच्यावर बंदी घातली नसती.

फ्रेडरिक डग्लसने तर हे आपल्या आत्मकथेत, १८४५ साली, स्पष्ट मांडले. त्याचा धनी १८३२ साली एका धर्मजागृतीच्या मेळाव्यात भक्त बनला आणि त्यानंतर अधिकच क्रूर झाला. शास्त्रवचन म्हणत तो एका पांगळ्या तरुणीला फटके मारी. डग्लस गुलामांसाठी रविवारची शाळा चालवू लागला तेव्हा ती याच भाविकांनी दगडकाठ्या घेऊन मोडली. पुस्तकाच्या शेवटी डग्लसने खुलासा केला की माझा हल्ला या देशातल्या गुलामधारकांच्या ख्रिस्ती धर्मावर आहे, ख्रिस्ताच्या धर्मावर नाही. दोन्हींमधले अंतर त्याला इतके मोठे वाटत होते की एकाला मान देणे म्हणजे दुसऱ्याचा धिक्कार करणे होते.

शंभर वर्षांनी माँटगोमेरीत याच वारशातून लढा उभा राहिला. १ डिसेंबर १९५५ रोजी बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स ॲलनच्याच पंथाच्या सभासद होत्या. ३८१ दिवस काळ्यांनी बसवर बहिष्कार टाकला. सभा चर्चमध्ये, वर्गणी चर्चमध्ये, मोटारींची वाटणी चर्चच्या अंगणात. काळ्या माणसाच्या मालकीची शहरातली सर्वांत मोठी जागा तीच होती. ॲलनच्या खरेदीखताचा अर्थ इथे पुन्हा कळतो. २७ जानेवारी १९५६ च्या रात्री ठार मारण्याची धमकी देणारा फोन आला तेव्हा २७ वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग स्वयंपाकघरात कॉफीच्या कपासमोर बसून राहिले. आपण खचलो आहोत अशी कबुली त्यांनी देवापाशी दिली आणि तिथेच त्यांना उभे राहण्याचे बळ मिळाले, असे ते पुढे सांगत. तीनच दिवसांनी त्यांच्या घरावर बाँब पडला. श्रद्धा माणसाला काय देते असे कुणी विचारले तर मी हा प्रसंग सांगतो. तिने बाँब थांबवला नाही. तिने माणूस पळाला नाही एवढे केले.

६

हा इतिहास गोड करून सांगायचा नसेल तर घराच्या आतली भांडणेही सांगितली पाहिजेत. १९६३ च्या एप्रिलमध्ये किंगना बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून पत्र लिहावे लागले ते आठ गोऱ्या धर्मगुरूंना. त्यांचे म्हणणे होते की मागणी ठीक आहे, पण घाई करू नका. ही भाषा आपल्याला नवी नाही. पण विरोध काय फक्त गोऱ्यांचा होता? काळ्या बॅप्टिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष जोसेफ जॅक्सन यांना रस्त्यावरचे लढे मान्य नव्हते. १९६१ साली त्यांनी किंग यांना संघटनेच्या पदावरून दूर केले आणि किंगच्या सहकाऱ्यांना वेगळी संघटना काढावी लागली. काल ज्या घराने बंड केले त्याच घरात आज गादी तयार होते.

स्त्रियांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. जरीना ली या तरुणीने ॲलनकडे उपदेश करण्याची परवानगी मागितली तेव्हा, ज्याला स्वतःला गुडघ्यांवरून उठवले गेले होते त्याच ॲलनने, आपल्या नियमांत स्त्री उपदेशकाला जागा नाही असे सांगितले. काही वर्षांनी एका सभेत पाळकाचे बोलणे अडखळले. ली उभी राहिली आणि तिने तो उपदेश पुरा केला. समोर ॲलन होता. त्याने आपली चूक मान्य केली आणि तिला परवानगी दिली. ती हजारो मैल हिंडली, १८३६ साली तिने आत्मकथा छापली. पण त्या पंथात पहिली स्त्री बिशप व्हॅश्टी मॅकेंझी यांच्या रूपाने आली ती २००० साली.

त्याच पंथात वाढलेल्या जेम्स कोन यांनी १९६९ साली काळ्या मुक्तीचा धर्मविचार मांडला आणि ख्रिस्त काळा आहे असे सांगितले. म्हणजे तो आज जिथे माणूस चिरडला जातो तिथे, चिरडलेल्याच्या बाजूला उभा आहे. २०११ साली त्यांनी वधस्तंभ आणि काळ्यांना लटकावण्याचे झाड यांना शेजारी ठेवून पुस्तक लिहिले आणि गोऱ्या धर्मपंडितांना हे साम्य कधीच का दिसले नाही असा प्रश्न टाकला. पण कोन यांनाही डेलोरेस विल्यम्स यांनी १९९३ साली विचारले की तुमच्या मुक्तीच्या कथेत अब्राहामाच्या घरची दासी हागार कुठे आहे? तिला तर रानात हाकलले होते. नूतनीकरण एकदा होऊन संपत नाही. घरात मागे कोण राहिले ते त्या मागे राहिलेल्या माणसाने उठून सांगावे लागते.

आणि धोका संपलेला नाही. १७ जून २०१५ रोजी चार्ल्सटनमध्ये, व्हेसीच्या मंडळीचा वारसा सांगणाऱ्या इमॅन्युएल चर्चमध्ये, बायबल वाचनासाठी जमलेल्या लोकांत एक गोरा तरुण येऊन बसला. त्यांनी त्याला जागा दिली. त्याने नऊ जणांना गोळ्या घातल्या. दोन दिवसांनी मृतांच्या काही नातेवाइकांनी न्यायालयात त्याला क्षमा केल्याचे सांगितले. त्या क्षमेने अनेकांचे डोळे भरून आले. क्षमेची अपेक्षा नेहमी काळ्यांकडूनच का केली जाते, असेही अनेक काळ्यांनी विचारले. दोन्ही आवाज त्या चर्चचेच आहेत.

७

आता थर्मन आणि येवले यांच्या उत्तरांतल्या फरकाकडे येऊ. थर्मन यांचे उत्तर थोडक्यात असे की येशू हा स्वतः रोमन साम्राज्याखाली दबलेल्या यहुदी समाजातला गरीब माणूस होता. भिंतीला पाठ लागलेल्यांशी तो बोलला. धर्म पुढे सत्ताधाऱ्यांच्या हाती गेला म्हणून ते नाते पुसता येत नाही. काळ्या माणसाला या ग्रंथात आपल्या बाजूची पाने सापडली. निर्गमाची कथा गुलामांच्या सुटकेची होती आणि ती कापून काढावी लागत होती. इथल्या अस्पृश्याला ज्या ग्रंथांखाली चिरडले गेले त्यांत अस्पृश्यता कापून काढावी लागत नव्हती, तीच तर विधान होती. म्हणून १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली गेली. ॲलनने इमारत सोडली आणि ग्रंथ नेला. बाबासाहेबांनी इमारत आणि ग्रंथ दोन्ही सोडले आणि बुद्धाचा धम्म घेताना तोही पुन्हा तपासून, स्वतःच्या शब्दांत मांडून घेतला. वाट वेगळी असली तरी अधिकार एकच गाजवला गेला, जो निरक्षर नॅन्सी अँब्रोझने गाजवला होता.

भारतातल्या चर्चलाही हा प्रश्न टळलेला नाही. ख्रिस्ती झाल्यावरही अस्पृश्याची जात सुटत नाही, हा बाबासाहेबांचा आक्षेप होता आणि वेगळी बाके, वेगळ्या दफनभूमी यांनी तो खरा ठरवला. १९८१ साली अरविंद पी. निर्मल यांनी बंगलोरच्या धर्मविद्यालयात उच्चवर्णीय तत्त्वज्ञानावर पोसलेल्या भारतीय ख्रिस्ती धर्मविचाराला आव्हान दिले आणि दलित धर्मविचाराला तोंड फुटले. पुढे मद्रासच्या गुरुकुल लुथरन धर्मविद्यालयात त्याचा स्वतंत्र विभाग निघाला, त्याचे ते प्रमुख होते. २०१६ साली भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये जातिभेद आहे हे लेखी कबूल केले. २०२२ साली अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. ही कबुली आणि ही नेमणूक वरून आली असे दिसते. प्रत्यक्षात ती मागच्या बाकांवरून उठलेल्या माणसांनी मिळवलेली आहे.

तेव्हा तरुण मित्रांना माझे सांगणे एवढेच. धर्म अफू आहे की नाही, हा प्रश्न हवेत सोडवू नका. समोरची मंडळी पाहा, मग ते चर्च असो, विहार असो, की आपल्याच चळवळीचे कार्यालय असो. तिथे ग्रंथ कोण वाचतो आणि नको ते पान नाकारण्याची मुभा कुणाला आहे? जागेच्या कागदावर कुणाचे नाव आहे? आणि आज तिथे मागे कोण बसले आहे, ती उठून बोलू लागली तर आपण ॲलनसारखी चूक कबूल करणार की नाही? पहिले दोन प्रश्न आपण इतरांना नेहमी विचारतो. तिसरा आपल्या सभेत विचारायला सुरुवात करू या.